कर्जरोख्यांची होळी कुणाविरुद्ध होती?

स्वातंत्र्यलढ्याची चर्चा निघाली की पाथर्डी, शेवगाव, कर्जत या भागात एक वाक्य हमखास ऐकू येते : जे घडले ते पुण्या-मुंबईला घडले, आपल्याकडे काय झाले? फार तर नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघते. बेचाळीस साली नेहरू, पटेल, आझाद तिथे कैदेत होते, म्हणून. पण तेही बाहेरून आणून ठेवलेले. कुणी १८७५ सालच्या उठावाची आठवण काढलीच, तर उत्तर तयार असते : ‘तो सावकारांविरुद्धचा दंगा. त्याचा स्वातंत्र्याशी काय संबंध?’

हे मत गावच्या पारावरचेच नाही, त्याला विद्वानांचाही आधार आहे. ते तीन मुद्द्यांत मांडता येते. एक, रयतेचा राग सावकारावर होता, सरकारवर नव्हता. दोन, दंगेखोर इंग्लंडच्या राणीला मानणारे होते, त्यांच्या मनात स्वराज्याचा विचारही नव्हता. तीन, उठाव लहान होता, लवकर विझला आणि त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने तर १९७२ साली दख्खनच्या दंग्यांचे महत्त्व ही एक दंतकथाच आहे, अशा आशयाचा निबंध लिहिला. हे तिन्ही मुद्दे तपासून पाहिले की एकही टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी घटना पाहू. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४च्या डिसेंबरात सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, चांभार कुणीच त्यांचे काम करीना. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. तिथून लोण नगर जिल्ह्यात आले, मुख्यतः पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत. पाथर्डी तेव्हा शेवगाव तालुक्यात होती, म्हणजे या टापूच्या अगदी शेजारी. तीसहून अधिक गावे पेटली, लष्कर बोलवावे लागले, ९५१ माणसे धरली गेली. पण या जमावाला घरे लुटण्यापेक्षा कागद हवे होते. सावकाराने निमूटपणे रोखे काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

आता पहिला मुद्दा. सावकार काही इंग्रजांनी आणलेला नव्हता. पेशवाईतही तो होता आणि रयत त्याची देणेकरी होती. मग रयतेने वह्या १८७५ सालीच का जाळल्या? कारण सावकाराच्या हातातला कागद बदलला होता. पूर्वी वसुली करायची तर त्याला पाटलाकडे आणि पंचांकडे पाहावे लागे. आता त्याच्यामागे दिवाणी कोर्ट उभे राहिले. रयतवारीत जमीन खातेदाराच्या नावावर आली, म्हणजेच ती गहाण टाकता येऊ लागली आणि लिलावातही निघू लागली. त्यात १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चालेल असे ठरवले. हेतू रयतेच्या भल्याचा होता, परिणाम नेमका उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला.

हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी नवा रोखा होतो १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो २९५ रुपयांच्या वर जातो आणि नवव्या वर्षी पाचशे ओलांडतो. घेतलेले मात्र तेच शंभर. ज्याचा अंगठा घेतला, त्याला वाचता येत नाही. तारखेला तो कोर्टात पोचत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि बेलीफ दारात येऊन उभा राहतो. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल फेडायला दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडणाऱ्या पाथर्डीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा रोखा स्टँपच्या कागदावर होता. कागदाचे पैसे सरकारला, दाव्याची फी सरकारला, हुकूमनामा सरकारचा आणि बेलीफही सरकारचाच. अशा कागदाला आग लावणारा माणूस फक्त सावकाराशी भांडत होता, असे कसे म्हणावे?

मुळात रयत सावकाराच्या दारी जात होती ती बऱ्याचदा सारा भरण्यासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. भाव कडाडले, सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि पत आटली. नेमक्या त्याच वेळी, १८६७ मध्ये इंदापूरपासून, तीस वर्षांच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि तीही तेजीच्या भावांकडे पाहून. वाढ इतकी बेसुमार होती की १८७४ साली मुंबई सरकारलाच तिला मर्यादा घालावी लागली : तालुक्यात ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के, एका खात्यावर १०० टक्के. मर्यादा घातल्यावरही एखाद्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता! दंग्यानंतर सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने सारा निर्दोष आणि सावकार दोषी ठरवला. मात्र त्याच आयोगातले ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपणात वाढीव आकारणीवर नेमके बोट ठेवले. आरोपीनेच चौकशी करून स्वतःला सोडून दिले. तो निकाल आपण दीडशे वर्षे प्रमाण मानत आलो, हे दुर्दैव आहे.

दुसरा मुद्दा राजनिष्ठेचा. रोखे परत करण्याचा हुकूम राणीनेच काढला आहे, अशी वावडी तेव्हा खेडोपाडी पसरली होती, हे खरे. या वावडीवरून रयतेला साम्राज्याविषयी तक्रार नव्हती, असा निष्कर्ष काढतात. या निष्कर्षाला अमेरिकेचा इतिहास उत्तर देतो. तिथल्या वसाहतकऱ्यांचे भांडणही करांवरून आणि स्टँपवरूनच सुरू झाले. १७६५च्या स्टँप कायद्याने कायदेशीर कागदांवर कर बसवला आणि लोक खवळले. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. हा चहा राजाचा नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे ज्या कंपनीने आपला देश गिळला तिचाच. त्यानंतरही, अगदी १७७५च्या जुलैत, लढाई सुरू झालेली असताना, याच वसाहतींच्या प्रतिनिधींनी तिसऱ्या जॉर्जकडे निष्ठेचा अर्ज धाडला. राजाने तो धुडकावला आणि पुढच्या वर्षी ४ जुलैला स्वातंत्र्याची घोषणा झाली. बोस्टनला भांडण चहाच्या व्यापाऱ्यांशी होते, साम्राज्याशी नव्हते, असे कुणी इतिहासकार म्हणत नाही. मग तोच न्याय सुप्याला आणि नगरला का नको?

दोन्हींत फरक आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेतले वसाहतकरी स्वतःच इंग्रजांचे भाईबंद होते. त्यांच्या हाती विधिमंडळे, छापखाने आणि बंदुका होत्या. आपल्या रयतेच्या हाती यातले काहीच नव्हते. पण क्रम तोच दिसतो. माणूस प्रथम राजाच्या चाकराविरुद्ध राजाकडेच दाद मागतो. राजा ऐकत नाही हे कळले की मग त्याचा रोख राजाकडे वळतो. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने कलेक्टरला अर्ज केला. घरखर्च भागत नाही म्हणून धान्य, कपडे, पैसा सावकाराकडून जाचक अटींवर घ्यावा लागतो, असे गाऱ्हाणे त्यात आहे. हा अर्ज निष्ठावंत प्रजेचा आहे, मात्र त्यातला प्रत्येक शब्द राज्यकारभारावरचा आरोप आहे.

तिसरा मुद्दा परिणामांचा. चार्ल्सवर्थ म्हणतात तसा उठावाचा विस्तार मर्यादित होता, हे मान्य. पण उठावाचे वजन पेटलेल्या गावांच्या संख्येवर ठरत नाही. चार वर्षांत, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कारभारात दोष नव्हताच, तर हा कायदा कशासाठी?

राजकारणात तर सारा आणि कर्जाचा हा धागा सलग दिसतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दंग्याआधीच दख्खनच्या रयतेच्या हलाखीची चौकशी चालवली होती. त्याच सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पुढे वासुदेव बळवंत फडक्यांचे वकील म्हणून उभे राहिले. फडक्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर आणि त्यांनी थेट इंग्रजी राज्यालाच आव्हान दिले. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली. लंडनने ती फेटाळली आणि हेच वेडरबर्न १८८९ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांच्या माणसांनी गावोगाव जाऊन साऱ्याच्या सुटीचा हक्क रयतेला समजावला, तेव्हा सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. १९२८ साली गुजरातेतल्या बार्डोलीने साऱ्याच्या २२ टक्के वाढीविरुद्ध सत्याग्रह केला आणि ती ६.०३ टक्क्यांवर आणायला लावली. तो लढा मुंबई इलाख्याच्या याच फेरआकारणीविरुद्ध होता.

१८७५चा दंगा हे स्वातंत्र्ययुद्ध होते, असा माझा दावा नाही. त्यात मारवाडी आणि गुजर सावकारांना परके म्हणून विशेष लक्ष्य केले गेले, ही गोष्ट भूषणावह नाही आणि ती झाकूही नये. माझे म्हणणे एवढेच की सारा, कोर्ट आणि कर्ज यांची सांगड ज्या राज्याने घातली, त्या राज्याच्या पायाला पहिला धक्का या कोरडवाहू मुलखातल्या अडाणी रयतेने दिला. सुशिक्षितांनी पुढे जे राजकारण उभे केले, त्याची सामग्री याच गावांतून आली. पुण्याने विचार दिला आणि खेड्यांनी तो मुकाट घेतला, हा समज म्हणूनच उलटा आहे.

पाथर्डीच्या आणि आसपासच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. बोस्टनच्या चहाचा धडा शिकवाल, तेव्हा त्याच तासाला सुपे आणि मिरजगावही शिकवा. आपल्या मुलखाने स्वातंत्र्यासाठी काय केले, हे मुलांना दुसऱ्या कुणाकडून कळायचे नाही.