तारापूर परिसरातील वार्धक्य आणि आरोग्यरक्षण

वार्धक्यात प्रकृती कशी सांभाळावी, याविषयी उपदेश करणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे. वाग्भटाने दिनचर्या व ऋतुचर्या सांगितल्या. इटलीतील पदुआ नगरीत लुइजी कोर्नारो नावाच्या धनिकाने १५५८ साली, स्वतः उतारवयात असताना, मिताहाराची महती सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि प्रजेलाही लावला. हे सारे आदरणीयच. परंतु कोर्नारो श्रीमंत होता आणि भवानराव तर संस्थानाधिपती, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ज्याला ताटाची भ्रांत नाही, त्याने ताट हलके ठेवावे असे सांगणे सोपे असते.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात म्हातारपणाचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. भातशेती, वाडी आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या मुलखात निवृत्ती हा शब्दच नव्हता. हातपाय चालतील तोवर माणूस काम करी; जाळे विणी, मासळी वाळवी, वाडीला पाणी घाली. व्यायाम कामातच होऊन जाई. जुनी माणसे काटक होती, असे आपण कौतुकाने म्हणतो. जी काटक नव्हती ती म्हातारी होण्याआधीच गेली, हे मात्र आपण विसरतो.

१९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरच्या अणुवीज केंद्राने व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि राज्यातून व परराज्यांतून तरुण माणसे येथे आली. त्या साली पंचविशीत असलेला कामगार २००४ च्या सुमारास साठ वर्षांचा झाला. आज तो ऐंशी ओलांडून गेला आहे. मुले शिकली, मुंबईकडे वा परदेशी गेली. घरात दोघे उरले आणि कालांतराने एकटे कोणीतरी. बोईसरचे एकाकी वार्धक्य हे असे एकाच पिढीत घडलेले आहे. त्याला पूर्वानुभवाचा आधार नाही.

केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे हलवावी लागली. त्या अणुभट्ट्या २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. विस्थापनाची चर्चा जमीन आणि मोबदला यांभोवती फिरते व ते योग्यच आहे. पण घर किनाऱ्यापासून दूर गेले की वृद्धाची दिवसभराची हालचालच मोडते, याची किंमत कोणत्याही पंचनाम्यात नोंदवली जात नाही. ओटीवर बसून जाळे दुरुस्त करणाऱ्याला गाव आपला मानते. नव्या वसाहतीतील पक्क्या घरात बसलेला तोच माणूस नुसता म्हातारा ठरतो.

ओटावा येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेने आरोग्यसंवर्धनाची जी सनद स्वीकारली, तिने आरोग्याच्या पूर्वअटी सांगताना शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, स्थिर पर्यावरण आणि सामाजिक न्याय यांचा उल्लेख केला. स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा उपदेश त्यानंतर येतो. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषणमापन केले, तेव्हा देशात सर्वांत वरचा क्रमांक तारापूरचा लागला. निर्देशांक होता ९३.६९. सकाळी मोकळ्या हवेत फिरावे, हा सल्ला ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यांतून सर्रास दिला जातो. येथील हवा ज्याच्या छातीला सोसत नाही, त्याने तो कसा पाळावा?

कायद्यांची व योजनांची वाण नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये आले, पालकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याच्या आदल्या वर्षी उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊ लागली, तिने वृद्धांना मुंबईचे दवाखाने काहीसे जवळ आणले. गर्दीत चढता आले तर.

आम्हांला अधिक मोलाची वाटते ती एक छोटी तरतूद. कामगार राज्य विमा योजनेखाली किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय उपचार मिळण्याची सोय नियमांत करण्यात आली. रक्तदाबाच्या गोळीसाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, याहून स्वावलंबनाचे साधे साधन कोणते? अणुवीज केंद्राच्या निवृत्तांसाठी अणुऊर्जा खात्याची वेगळी आरोग्ययोजना आहेच. पण कारखान्यात ज्याची हजेरी दोन-तीन ठेकेदारांच्या वह्यांत विखुरली गेली, त्याच्यापाशी दाखवायला विम्याचा क्रमांकच नसतो.