साफ बोलणे आणि ईहाम : शाह हातिमचा 'दीवानजादा'

उर्दू शायरीच्या इतिहासात शाह हातिमचे नाव बहुधा एका ओळीत येते आणि जाते. सौदासारख्या मोठ्या शायराचा उस्ताद, एवढीच त्याची ओळख. माझ्या मते मात्र त्याने एक असे काम केले, की दोन ओळींची कविता लिहिणाऱ्या कुणीही त्याच्याकडे एकदा निरखून पाहावे. त्याने स्वतःचाच जुना दीवान हातात घेतला, कित्येक गझला काढून टाकल्या, कित्येक दुरुस्त केल्या आणि उरलेल्या संग्रहाला 'दीवानजादा' म्हणजे दीवानाचे अपत्य असे नाव दिले. हे हिजरी ११६९ चे, म्हणजे इ.स. १७५५-५६ चे.

हातिमचे मूळ नाव शेख जुहूरुद्दीन. 'जुहूर' या शब्दाच्या चार अक्षरांचे अबजद मूल्य काढले तर ९००, ५, ६ आणि २०० मिळून ११११ होतात, आणि तेच त्याचे हिजरी जन्मवर्ष (इ.स. १६९९-१७००). तो आधी शिपाईगिरीत होता, मग एका अमिराच्या मुदपाकखान्याचा दारोगा झाला आणि शेवटी फकिरी पत्करून तकियात जाऊन बसला.

तो ऐन विशीत असताना, मुहम्मदशाहच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, वली औरंगाबादीचा दीवान दिल्लीत पोचला. फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीकरांना कळले, की आपल्या घरच्या भाषेतही गझल होऊ शकते. ही शिकवण दख्खनेतून गेली, हे आपण महाराष्ट्रातील लोक सहसा विसरतो. (वलीची अहमदाबादेतील मजार २००२ च्या दंगलीत पाडली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला, हेही विसरू नये.)

वलीच्या मागोमाग दिल्लीत ईहामगोईची लाट आली. आबरू, नाजी, मजमून, यकरंग आणि तरुण हातिम हे तिचे शायर. ईहाम म्हणजे शेरात असा शब्द योजायचा की त्याचे दोन अर्थ निघावेत, एक जवळचा, एक दूरचा. ऐकणाऱ्याचे मन जवळच्या अर्थाकडे धावते, शायराला अभिप्रेत असतो दूरचा. मराठी वाचकाला श्लेष ठाऊक आहेच. दिल्लीत ईहामाचा जोर ओसरून गेल्यानंतर बारामतीत मोरोपंत यमक आणि श्लेषाचे डोंगर उभे करीत होते. तेव्हा हा खेळ केवळ उर्दूचा नव्हे.

पण उर्दूत त्याला लिपीची साथ आहे, ती देवनागरीत नाही. मी वर्गात फळ्यावर मीम, हे, रे अशी तीन अक्षरे लिहितो आणि मुलांना वाचायला सांगतो. कुणी 'मेहर' वाचतो, निकाहातला. कुणी 'मुहर' वाचतो, म्हणजे शिक्का किंवा सोन्याची मोहर. थोडे फारसी ठाऊक असलेला 'मिहर' वाचतो, म्हणजे सूर्य, आणि मायाही. जेर, जबर, पेश या खुणा लिहिण्याचा प्रघात नसल्याने तीन अक्षरांत एवढे सारे मावते. दोन ओळींत जागा किती असते? तिथे एक शब्द दोन शब्दांचे काम करू लागला तर शायराला मोह पडणारच.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. ईहाम आणि इबहाम हे निराळे शब्द आहेत. इबहाम म्हणजे अस्पष्टता, अर्थ धूसर ठेवणे. ईहामात धूसर काहीच नसते. दोन्ही अर्थ लख्ख असतात, फक्त कोणता घ्यायचा हे ऐकणाऱ्याला क्षणभर उमगत नाही. पाठ्यपुस्तके या दोहोंची सरमिसळ करतात आणि मग आबरूसारखा शायर दुर्बोध ठरतो.

मग ही लाट ओसरली कशी? १७३९ मध्ये नादिरशाहने दिल्लीत कत्तल केली, त्यानंतर शब्दांचे खेळ कुणाला सुचणार, असे सांगितले जाते. मला हे उत्तर फार सोपे वाटते. नक्शबंदी सूफी मिर्झा मजहर जाने-जानाँ आणि त्यांचे शागीर्द यकीन यांनी ईहाम सोडून सरळ, भावनेच्या भाषेचा आग्रह धरला होता, आणि शायरीतला तो वाद शायरांनी शायरीतच खेळला. महिन्याच्या पंधरा तारखेला रेख्त्याची मजलिस पूर्वी ख्वाजा मीर दर्द यांच्या घरी आणि पुढे मीरच्या घरी भरे. तिथे शेर ऐकला जाई, वाचला जात नसे. दुसऱ्या अर्थासाठी थांबावे लागणारा शेर आणि ऐकताक्षणी काळजाला भिडणारा शेर, दोघांची परीक्षा एकाच बैठकीत होई.

हातिमने ही बदलती हवा ओळखली. आपली भाषा आता स्वच्छ आहे, ईहामाकडे आपले लक्ष नाही, असे तो शेरातच सांगून मोकळा झाला. 'दीवानजादा'त प्रत्येक गझलेवर त्याने वृत्त आणि वर्ष नोंदवले. गझल दिलेल्या मिसऱ्यावर रचलेली, कुणाच्या फर्माइशीवरून लिहिलेली की कुणाला जवाब म्हणून केलेली, हेही लिहिले. उर्दूत इतका हिशेबी शायर त्याच्याआधी झालेला मला ठाऊक नाही. अडचण एवढीच, की वर्ष जुने आणि भाषा मागाहून धुतलेली. त्यामुळे तरुण हातिम खरोखर कसा बोलत होता, हे त्या तारखांवरून नेमके काढता येत नाही.

त्याची फारसी प्रस्तावना मी प्रथम वाचली तेव्हा मला ती आदर्श वाटली. रोजमर्रा, म्हणजे दिल्लीतली रोजची बोली लिहावी. सामान्यांना समजेल आणि जाणत्यांना आवडेल असे लिहावे. कोण नाही म्हणेल? पण पुढे तो यादी देतो. 'नैन', 'जग', 'नित' हे शब्द सोडले. 'तसबी' नव्हे 'तसबीह', 'सही' नव्हे 'सहीह'. इथे मी थबकलो. नयन, जग, नित्य हे तर आमच्या शेजारच्या मराठीचे शब्द. आणि 'तसबी' माझी आजी म्हणत असे, आजही आमच्या मोहल्ल्यात तेच म्हणतात. स्पष्टतेच्या नावाखाली हातिमने ईहाम टाकला, आणि त्याच झाडूने वलीच्या दख्खनी बोलीतले किती तरी शब्दही उंबऱ्याबाहेर लोटले. अस्पष्ट ते नव्हतेच. ते फक्त आपल्यासारख्यांचे होते.

पुढे 'आबे-हयात' (१८८०) मध्ये आझादांनी आणि 'मुकद्दमा' (१८९३) मध्ये हालींनी साधेपणाचे जे माप ठरवले, त्याने ईहामाची उरलीसुरली अब्रू गेली. शम्सुर्रहमान फारुकी यांनी अलीकडे ती परत मिळवून देण्याचा यत्न केला. ईहाम म्हणजे भाषेची ताकद अजमावणे होते, हे त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र आबरू-नाजींचे सगळेच शेर त्या योग्यतेचे आहेत, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी नुसती कोटी आहे.

गेल्या वर्षापासून माझ्या नववीच्या वर्गात मुले वहीच्या शेवटच्या पानावर रोज दोन ओळी लिहितात. एका मुलीने आपल्या आजीवर लिहिले आणि त्यात 'तसबी' आले. लाल पेन हातात होते, आणि सवयीने मी शेवटचा 'हे' जोडलाही. मग वृत्त मोजून पाहिले. तिने ऐकून लिहिलेली ओळ बरोबर होती, माझ्या दुरुस्तीने एक मात्रा वाढली होती. दुसऱ्या दिवशी वही परत देताना मी माझा तो 'हे' खोडला आणि तिला तसे सांगितले.