चार हजार डॉलरची 'नक्कल'

'रायफल' हा शब्द आपण कुठल्याही लांब बंदुकीला बिनधास्त चिकटवतो. खरं तर तो नळीच्या आतल्या आट्यांचा शब्द आहे. नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असल्या की गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत बाहेर पडते आणि सरळ जाते. खाचा नसल्या की मस्केट. १७७५ साली अमेरिकेत उतरलेल्या बहुतेक ब्रिटिश शिपायांच्या हातात मस्केटच होती, पाऊण इंच भोकाची. गोळी नळीत सैल बसायची, त्यामुळे भरायला सोपी (मिनिटाला तीन बार आरामात), पण शंभर यार्डांपलीकडे ती कुणाला लागेल ते देव जाणे.

या वीकांताचा विषय मात्र दुसरी जात: पेनसिल्व्हेनियाची लाँगरायफल.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन आणि स्विस लोक लँकेस्टरच्या आसपास येऊन वसले. त्यांच्यातल्या कारागिरांनी मायदेशातली 'येगर' रायफल सोबत आणली. आखूड, जाडजूड आणि मोठ्या तोंडाची. पण इथे शिकार म्हणजे आठवडेच्या आठवडे जंगलात राहणं, आणि दारू-शिसं सगळं पाठीवर! मग हळूहळू नळी लांब होत गेली, ४२ ते ४६ इंचांपर्यंत, आणि भोक बारीक होत गेलं. भोकाचा हिशोब मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. ०.६० इंचाची शिशाची गोळी भरते साधारण २१ ग्रॅम, ०.४५ ची जेमतेम ९. म्हणजे एक किलो शिशातून ४७ गोळ्यांऐवजी ११२. आपल्या भाषेत सांगायचं तर मेमरी कमी म्हणून कोड आवळला. मला हे डिझाईन आवडतं ते यासाठी. कुणी एकाने बसून आखलेलं नाही, गरजेने घासून घासून झालेलं आहे.

आता ती बनवायची कशी ते बघा. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत लाल करायची, एका सळईभोवती वळवायची आणि काही इंच, पुन्हा काही इंच अशी ठोकून जोडत न्यायची. मग आतून भोक साफ करायचं आणि बाहेरून कानशीने घासून आठ बाजू काढायच्या. त्यानंतर आटे. एका लाकडी दंडगोलावर पीळदार खाचा कोरलेल्या असतात. तो ओढला की स्वतः फिरतो आणि पुढच्या गजाला फिरवतो. गजाच्या टोकाला पोलादाचं इवलंसं पातं. एका ओढीत केसाएवढंच लोखंड निघतं. पातं कापेनासं झालं की त्याच्याखाली कागदाचा कपटा सारायचा आणि पुन्हा ओढायचं. अशा खाचा सात-आठ.

दस्ता मेपलच्या लाकडाचा, ज्यात वाघाच्या अंगासारखे पट्टे असतात. त्यावर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लावून शेकलं की पट्टे उठून दिसतात. शिवाय पितळेचं ओतकाम आणि नक्षी. म्हणजे लोहार, सुतार, तांबट आणि नक्षीकाम करणारा, सगळे एका दुकानात. गारगोटीचा चाप मात्र बऱ्याचदा इंग्लंड-जर्मनीहून तयार यायचा. (आउटसोर्सिंग काही आपण शोधलं नाही!)

आणि प्रत्येक नग वेगळा. एका रायफलीचा स्क्रू दुसरीला बसेलच असं नाही. गोळ्या ओतायचा साचाही बंदुकीबरोबर तिच्या मापाचा यायचा.

'या रायफलीने अमेरिका स्वतंत्र केली' ही दंतकथा मला पटत नाही. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी घट्ट नळीतून ठासत न्यायला वेळ लागायचा, आणि पुढे संगीन लावायची सोय नव्हती. तुम्ही ठासताय आणि समोरून संगिनी घेतलेली पलटण पळत येतेय, की झालं. म्हणून लढायांचं मुख्य ओझं मस्केटवाल्यांनीच वाहिलं. किंग्ज माउंटनसारख्या झाडीच्या डोंगरावर, ७ ऑक्टोबर १७८० ला, रायफलवाले भारी पडले हे खरं. तिथे मारला गेलेला ब्रिटिश पक्षाचा सेनानी पॅट्रिक फर्ग्युसन. यानेच मागून भरायची, झटपट चालणारी रायफल काढून १७७६ मध्ये पेटंट घेतलं होतं!

आणखी एक गोष्ट, जी या रायफलींच्या गुळगुळीत फोटोंखाली सहसा लिहिलेली नसते. ज्या लँकेस्टरमध्ये ही कला बहरली, तिथेच डिसेंबर १७६३ मध्ये सरहद्दीवरच्या गोऱ्या टोळीने २० कोनेस्टोगा मूलनिवासींची कत्तल केली. चौदा जणांना तर संरक्षणासाठी सरकारी इमारतीत ठेवलं होतं, तिथे घुसून. सरहद्द म्हणजे कुणाची तरी आधीपासूनची जमीन होती. तिथले लेनापे आणि शॉनी शिकारीही हीच रायफल वापरत.

आता शीर्षकाकडे. नॅझरेथजवळच्या क्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन पंथाच्या वस्तीत क्रिश्चन ऑर्टर नावाचा कारागीर होता. त्याने १७७५ मध्ये केलेली एक रायफल व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून ऑक्टोबर १९७१ मध्ये चोरीला गेली. पुढची ४७ वर्षं पत्ता नाही. २०१८ मध्ये एका कोठारात मांडलेल्या सेलमध्ये एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती ४,००० डॉलरला घेतली. त्याला वाटलं, चांगली नक्कल आहे! घरी नेऊन नीट तपासल्यावर शंका आली, आणि मग ती परत गेली. २०१९ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयात मांडली गेली.

व्यापारी अडाणी नव्हता. नकला खरोखरच तशा होतात. औपनिवेशिक विल्यम्सबर्गमध्ये वॉलेस गस्लर या बंदूक-कारागिराने सगळी रायफल जुन्याच पद्धतीने करून दाखवली. त्यावर १९६९ मध्ये फिल्म निघाली. नळी, चाप, स्क्रूसुद्धा हातचे. तिथून पुढे हे शिकणारे वाढत गेले. त्यांचं काम ऑर्टरच्या कामाशेजारी ठेवलं तर तुम्ही-आम्ही फरक सांगू शकणार नाही. पट्टी तशीच वळवलेली, आटे तसेच ओढलेले, पात्याखाली कागदाचा कपटाही तसाच.