शेजाऱ्यांच्या सुरांचे केंद्र

कंट्री संगीत म्हटले की नॅशव्हिल शहराचे नाव पुढे येते. परंतु या संगीताचे मूळ डोंगरवस्त्यांतील ओसरीवर आहे, आणि आम्हांस त्या ओसरीशी इमान राखणारे एक लहानसे नभोवाणी केंद्र अधिक मोलाचे वाटते. नॉर्थ कॅरोलिनातील माउंट एरी या गावी राल्फ एपर्सन यांनी २ फेब्रुवारी १९४८ रोजी डब्ल्यूपीएक्यू सुरू केले. दर शनिवारी ‘मेरी-गो-राउंड’ कार्यक्रमात परिसरातील साधी माणसे फिडल, बँजो घेऊन येत आणि थेट ध्वनिक्षेपकासमोर वाजवीत. याच परिसरातील टॉमी जॅरेल रस्तेखात्यात यंत्र चालवीत. त्यांच्या फिडलवादनाचा १९८२ मध्ये राष्ट्रीय सन्मान झाला.

पुढे रॉक-अँड-रोलची लाट आली. तयार तबकड्या लावणे स्वस्त, म्हणून गावोगावची केंद्रे गावकऱ्यांचे थेट गायन-वादन बंद करू लागली. एपर्सन मात्र बधले नाहीत. त्यांनी शेजाऱ्यांचे सूर नुसते ऐकवले नाहीत, तर मुद्रित करून जपलेही. त्या जुन्या मुद्रणांचा संग्रह राउंडर कंपनीने १९९९ मध्ये काढला. २००६ मध्ये एपर्सन निवर्तले. शनिवारचा कार्यक्रम त्यांच्यामागेही चालू राहिला.