बिऱ्हाड चाकांवर, खर्च मुक्कामावर

१९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा शहरात, डेसोटो पार्कमध्ये उतरलेल्या मोटार-प्रवाशांनी एक मंडळ काढलं: ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. रेडिएटरच्या टोपणाला डाख देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. समोरून येणाऱ्या गाडीच्या नाकावर डबा दिसला की ओळखायचं, हा आपल्यातला! उत्तरेची थंडी चुकवायला ही मंडळी डबाबंद खाणं घेऊन निघत आणि तंबूत राहून हॉटेलचं भाडं वाचवत. धंदा वाढेल या आशेने अनेक गावं सुरुवातीला त्यांना फुकट जागा देत. पण विसाचं दशक निम्मं सरेपर्यंत बऱ्याच ठिकाणी भाडं आकारलं जाऊ लागलं.

या सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. बिऱ्हाड पाठीवर असलं तरी विंचवाला दगडाखालची जागा लागतेच. गाडीत राहून नोकरी लवकर सोडता येईल का, हे गाडीच्या किमतीपेक्षा ती कुठे आणि किती पैशांत उभी राहते यावर ठरत आलं आहे.

तीसच्या दशकात डेट्रॉईटच्या आर्थर शर्मन या जीवाणूशास्त्रज्ञाने ‘कव्हर्ड वॅगन’ नावाचे ट्रेलर विकायला काढले आणि ते धडाक्यात खपले. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील, असं भाकीत अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी केलं होतं. ते खोटं ठरलं. नोकरी सोडायची तर गाडीसोबत मिळकतही लागते. अमेरिकेत निवृत्तिवेतनाचा कायदा १९३५ मध्ये आला. ते मिळण्याचं वय होतं ६५. पुढे कमी रकमेवर ६२व्या वर्षीच ते घेण्याची मुभा मिळाली, स्त्रियांना १९५६ मध्ये आणि पुरुषांना १९६१ मध्ये.

६२च्याही आधी नोकरी सोडणाऱ्यांनी काय करायचं? जो आणि के पीटरसन यांनी ते करून दाखवलं. तो वीजतंत्री, ती परिचारिका. १९७०च्या सुमारास दोघांनी घर सोडलं आणि वाटेत मिळेल तिथे काम करत ते फिरत राहिले. १९७८ मध्ये त्यांनी ‘एस्केपीज’ हा क्लब सुरू केला. सभासदांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे गाडीतळ उभारले. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात टपाल गोळा करून सभासद असेल तिथे पाठवण्याची सोय झाली. घर नसलेल्या माणसाला बँकेसाठी आणि वाहन परवान्यासाठी कायमचा पत्ता हवाच असतो. शिवाय टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. तुटपुंज्या मिळकतीत तेवढ्याचाही आधार होतो.

तिकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा इथे, सरकारी जमिनीवर १९८३ पासून लांब मुक्कामाला परवानगी मिळू लागली. गेल्या काही वर्षांचा दर बघा: १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिन्यांचे १८० डॉलर. म्हणजे महिन्याला २६ डॉलरसुद्धा नाहीत. परवान्याचं स्टिकर काचेवर चिकटवायचं आणि खडकाळ माळावर, काटेरी झुडपांच्या आडोशाने गाडी लावायची. तिथे विजेची जोडणी नाही. टपावर सौर पॅनल, पोटात पाण्याची टाकी. भांडी घासतानाही नळाची धार बारीक ठेवायची, कारण सांडपाण्याची टाकी भरली की गाडी हलवणं आलं.

अर्थात डिझेल, टायर आणि दुरुस्ती कुणाला चुकत नाही. त्यातच ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा ६५ वर्षांपर्यंत मिळत नाही. २००८च्या मंदीनंतर हा मार्ग अनेकांनी निवडलेला नव्हता, तो त्यांच्यावर लादला गेला. ज्यांच्या घरांवर जप्ती आली तेही गाड्यांमध्ये राहू लागले. सणासुदीच्या हंगामात ॲमेझॉनच्या गोदामांत दिवसभर पायपीट करणाऱ्यांत साठी-सत्तरीतली माणसंही होती. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात ती भेटतात. त्यांना ‘निवृत्त’ म्हणायला जीभ रेटत नाही.

पीटरसन दांपत्याने आणखी एक गोष्ट वेळीच ओळखली होती. गाडी चालवणारे हात एक दिवस थकणार. म्हणून लिव्हिंग्स्टनमध्येच क्लबच्या पुढाकाराने एक केंद्र उभं राहिलं. तिथे म्हातारी, आजारी माणसं आपापल्या गाडीतच राहतात, जेवायला सामायिक सभागृहात येतात आणि डॉक्टरकडे जायचं असेल तर त्यांना न्यायला कुणीतरी असतं.