खुराक ते स्कूप: प्रोटीनच्या डब्यामागचा इतिहास आणि साताऱ्याचे डॉ. सुखात्मे

इतिहासाचा पॉडकास्ट जिममध्ये कधी शिरला, असं काही जण विचारतील. सांगतो. मी राहतो उलव्यात. २०१८ मध्ये खारकोपरला लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, शेजारी विमानतळ उभा राहिला आणि त्याच काळात सेक्टरा-सेक्टरांत जिमच्या पाट्या लागल्या. तिथं येणारी बरीच पोरं पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली. पगार रूमच्या भाड्यात जातो आणि उरलेल्यातून काही हजारांचा डबा येतो. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "दादा, पावडर घेऊ की नको?"

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण या प्रश्नाला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे. म्हणून हा भाग.

सुरुवात कोल्हापुरातून करू. पैलवानाच्या जेवणाला आपल्याकडे वेगळा शब्दच आहे, खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी. गंगावेशीत आजही म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लोक जमतात. पण हा खुराक स्वस्त कधीच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे पैलवानाच्या ताटामागे दरबार उभा होता. दरबार गेल्यावर काय झालं, ते खाशाबा जाधवांकडे बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला, तेव्हा खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांची मदत होती. १९५२ ला हेलसिंकीला जाताना मात्र वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तेव्हा खुराकाचा खर्च कुणीतरी उचलायचं आणि काय खायचं ते वस्ताद सांगायचा. आज खर्च आपला, आणि सल्ला देणारा बऱ्याचदा डबा विकणाराच असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जरा युरोपात जाऊ. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ मध्ये छापून आला. मूळ ग्रीक, अर्थ 'पहिल्या क्रमांकाचं'. आपण त्याचंच 'प्रथिन' केलं. नावातच मोठेपणा! जर्मनीचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी सांगितलं की स्नायू काम करतात ते प्रथिन जाळूनच. म्हणजे जितकी मेहनत, तितकं मांस खा. लीबिग यांच्या नावानं मांसाचा अर्क विकणारी कंपनीही १८६५ मध्ये उभी राहिली. गंमत म्हणजे त्या अर्कात प्रथिन जवळजवळ नव्हतंच.

त्याच वर्षी फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. चढाईच्या काळात त्यांनी प्रथिन नसलेलं अन्न खाल्लं आणि स्वतःची लघवी गोळा करून त्यातला नायट्रोजन मोजला. शरीरात प्रथिन जळलं की नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. हिशेब केल्यावर दिसलं की जळालेल्या प्रथिनातून एवढी चढाई होणं शक्यच नव्हतं. ताकद आली होती पिठातून आणि चरबीतून. प्रथिनाचं मुख्य काम बांधकामाचं, इंधनाचं नाही.

हे वाक्य धरून ठेवा, कारण पुढचा सगळा वाद यावरच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाला एक भीती वाटू लागली. गरीब देशांत प्रथिनांची प्रचंड टंचाई आहे, असं बोललं जाऊ लागलं. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी खास सल्लागार गट नेमला. १९६८ मध्ये 'येऊ घातलेलं प्रथिन-संकट' टाळण्यासाठी अहवाल आला. माशांची पावडर, शेवाळ, अगदी खनिज तेलाच्या घटकांवर वाढवलेले सूक्ष्मजीव, असे सगळे प्रयोग झाले. म्हैसूरच्या संस्थेत शेंगदाण्याच्या पेंडेचं आणि हरभऱ्याचं पौष्टिक पीठ तयार झालं.

आणि इथे येतात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला पीएच.डी. विषय संख्याशास्त्र. १९५१ पासून रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. म्हणजे भीती ज्या व्यवस्थेतून पसरत होती, तिच्याच आत बसलेला आपला माणूस. त्यांनी आहाराच्या पाहण्यांचे आकडे नीट लावून बघितले. त्यांना दिसलं की ज्यांना प्रथिन कमी पडतंय, त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाहीये. पोट अर्धं रिकामं असेल, तर शरीर खाल्लेलं प्रथिनही इंधन म्हणून जाळतं. मग वरून पावडर देऊन काय उपयोग? आधी भाकरी पुरेशी द्या, डाळीसोबतचं प्रथिन आपोआप कामी येईल.

१९७३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रथिनाची गरज पूर्वीपेक्षा कमी धरली. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मॅक्लॅरेन यांनी या सगळ्या प्रकरणाला सरळ फजिती म्हटलं. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात आले. माणसाचं शरीर कमी-जास्त आहाराशी जुळवून घेतं, ही त्यांची पुढची मांडणी मात्र सगळ्यांना पटली नाही. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थतज्ज्ञांनी तिच्यावर टीका केली, आणि ती टीकाही वाचण्यासारखी आहे. कारण अशा आकड्यांवरून गरीब कुणाला म्हणायचं, हे ठरत होतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा माझ्या डब्याशी काय संबंध? आहे ना! वजन उतरवायचं म्हणून भात-चपाती बंद, दिवसभर अर्धपोटी, आणि संध्याकाळी दोन स्कूप. सुखात्म्यांचा हिशेब लावा. पोटात इंधन कमी असलं की महागड्या पावडरचा काही भाग चुलीत जातो. वजन कमी करतानाही जेवण एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा.

मग लागतं किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे साधारण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्यांसाठी क्रीडापोषणाचे अभ्यासक १.४ ते २ ग्रॅम सांगतात. १.६ धरलं तर ९६ ग्रॅम. आता ताट मोजू. तीन अंडी १८, दोन ग्लास दूध १६, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २६, दोन वाट्या घट्ट वरण १२, मूठभर शेंगदाणे ८, चार चपात्या १२. झाले ९२. आणि आपल्या आगरी-कोळी गावांत तर मासळी आहे, सुकट आहे, सुके बोंबील आहेत. (बीपी असेल तर सुक्या मासळीतलं मीठ बघून खा.)

ताटातून जे भरत नाही, तेवढ्यासाठीच स्कूप. शिफ्टची नोकरी आहे, जेवण मेसचं आहे, अंडी-मासे चालत नाहीत, तर एक स्कूप सोय म्हणून ठीक. त्यातून साधारण २०-२५ ग्रॅम मिळतं. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात घेतलंच पाहिजे असं नाही, दिवसाची बेरीज जास्त महत्त्वाची. दूध पचत नसेल तर साध्या व्हेनं पोट फुगतं, आयसोलेटमध्ये दुधाची साखर कमी असते. किडनीचा त्रास, मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२४ च्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असंच सांगितलंय.

राहिला प्रश्न डब्यात नक्की काय असतं. व्हे म्हणजे चीज करताना उरणारं पाणी. आपण पनीर करतो तेव्हा पातेल्यात उरतं, तसंच. पूर्वी पाश्चात्त्य देशांत ते डुकरांना घालत, नदीत सोडत. १९७० च्या दशकात गाळण्याचं नवं तंत्र आलं आणि त्या पाण्याची पावडर झाली. प्रथिन मोजायची पद्धत मात्र १८८३ ची, डेन्मार्कच्या केल्डाल यांची. ती प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. म्हणून नायट्रोजनवाला कुठलाही स्वस्त पदार्थ घातला की आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं, ते यासाठीच. तीन लाखांच्या आसपास बाळं आजारी पडली. आणि २०२४ मध्ये भारतातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तर त्यांतल्या जवळपास सत्तर टक्क्यांवरचा आकडा आणि आतला माल जुळत नव्हता.

म्हणून डबा घ्यायचाच असेल तर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक बघा, सील बघा, बॅचचा तपासणी अहवाल मिळतो का ते विचारा. बिलाशिवाय सुटी पावडर घेऊ नका. आणि पावडरसोबत कुणी 'छोटं इंजेक्शन' सुचवलं, तर तिथून सरळ निघा.

लीबिगच्या काळात काय किंवा रोमच्या कचेरीत काय, गोष्ट पुढे सरकली ती कुणीतरी बसून मोजलं म्हणून. तुम्हीही आज रात्री एवढंच करा. दिवसभरात काय खाल्लं ते मोबाईलमध्ये लिहा, बेरीज करा. कमी किती पडतंय ते कळल्यावर डब्याचं ठरवा. बेरीज किती आली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!