अंबाजोगाईची पंगत

एका लग्नाच्या पंगतीपासून आरंभ करतों. ती पंगत कधीं बसलीच नाहीं. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईची कथा अशी सांगतात कीं, कोंकणची योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशीं विवाह करण्यासाठीं वऱ्हाड घेऊन निघाली, वाटेंत मुहूर्त टळला, वऱ्हाडाची शिळा झाली आणि देवी तेथेंच कुमारी म्हणून राहिली. हत्तीखान्यांतले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडांतले, असें आम्हां मुलांस सांगण्यांत येई. इतिहास त्या जागेस लेणें म्हणतो, आणि इतिहासाचेंच खरें. परंतु ज्या गांवाची आख्यायिकाच मोडलेल्या जेवणावळीची, त्या गांवानें पुढें पिढ्यान्‌पिढ्या परगांवच्या लोकांच्या जेवणावळी आपल्या माजघरांत उठवाव्या व त्यांवर संसार चालवावे, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

योगेश्वरी ही कोंकणस्थांपैकीं पुष्कळ घराण्यांची कुलदेवता. घरांत लग्नमुंज झाली कीं पुण्याचें वा कोंकणचें कुटुंब कुळाचारासाठीं येथें येणारच. आज हा प्रवास कांहीं तासांचा आहे. पूर्वीं तसें नव्हतें. हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व गांवाचें सरकारी नांव मोमिनाबाद असें होतें. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 सालीं लातुरास पोहोंचली. तेव्हांपासून पुणेकर यात्रेकरू कुर्डुवाडीस गाडी बदलून लातुरास उतरे आणि तेथून बैलगाडीनें पुढची वाट धरी. बायकामुलें, सोवळ्याची वळकटी, देवीची पातळें, अशा लवाजम्यानिशीं तो रात्रीं-अपरात्रीं गांवांत शिरला म्हणजे त्यास धर्मशाळा शोधावी लागत नसे. आपलें आडनांव व मूळ गांव सांगितलें कीं क्षेत्रोपाध्याय वही काढी, पणजोबाचें नांव वाचून दाखवी, आणि दार उघडलें जाई.

त्या दारापलीकडे काय चाले, तें पाहण्यासारखें आहे. कुळाचारास नुसता पुरणाचा नैवेद्य पुरत नाहीं. सवाष्ण हवी, कुमारिका हवी, ब्राह्मण हवा, कोणाकडे गोंधळही हवा. स्वतःच्या गांवीं हीं माणसें शेजारपाजारचीं व सोयऱ्यांतलीं मिळतात. परगांवीं कोठून आणावीं? तीं उपाध्याच पुरवी. म्हणजे जागा त्याची, चूल त्याची, भांडीं त्याचीं, आणि जेवणारे पाहुणेसुद्धां त्यानेंच जमविलेले! समारंभ मात्र दुसऱ्याचा. आणि गंमत अशी कीं, या व्यवहारांत आलेल्या पाहुण्यास ‘यजमान’ म्हणत. दुसऱ्याच्या घरीं उतरून, दुसऱ्याच्या पाटावर बसून जेवणारा तो यजमान, आणि ज्याच्या घरीं हें सर्व घडे तो त्याचा उपाध्या. शब्द मूळचा यज्ञांतला. ज्याच्या खर्चानें यज्ञ होतो तो यजमान. खर्च करील त्याला मान, हा अर्थ आपल्या भाषेनें फार जुन्या काळींच ओळखला होता.

हा धंदा होता काय? तसें विचारलें असतें तर कोणत्याही उपाध्यानें कानांवर हात ठेवले असते. अन्नविक्रय निंद्य, म्हणून भाव सांगावयाचा नाहीं, मिळालेल्या रकमेस दक्षिणा म्हणावयाचें, धान्यास शिधा म्हणावयाचें. तरी भाऊ वेगळे झाले म्हणजे शेताप्रमाणेंच यजमानांच्याही वांटण्या होत, आणि मालमत्तेवांचून वांटणी होत नाहीं. निजामी अमलांत या उत्पन्नाचें आणखी एक महत्त्व होतें. पुण्याचा यजमान कळदार रुपया घेऊन येई. गांवांत हाली सिक्का चाले, आणि 6 कळदारांस 7 हाली असा भाव असे. दक्षिणा न मोजतां घ्यावयाची हें खरें. परंतु घेतलेला रुपया कोणत्या छापाचा, हें पाहिल्यावांचून कोणी कमरेस लावीत नसे.

परळीचेंही साधारण असेंच. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें वैजनाथाचें मंदिर तेथें आहे व यात्रा मोठी आहे. पण त्या घरांत मी राहिलों नाहीं, म्हणून त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

अंबाजोगाईच्या घरांत मात्र राहिलों आहें. माझी आत्या अशाच एका उपाध्यांच्या घरीं दिलेली होती, आणि तिच्याकडे राहून मी 1974 सालीं मॅट्रिक झालों. मार्गशीर्षांत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत देवीचें नवरात्र असतें. त्या दिवसांत आम्हां मुलांकडे पाणी भरणें, पत्रावळी मांडणें आणि उष्टीं काढणें हीं कामें असत. एकदां पुण्याकडील एका गृहस्थांनीं निघतांना सरळच विचारलें, “गुरुजी, आमचे किती झाले?” आतोबांचा चेहरा उतरला. “देवीच्या दारीं हिशेब नसतो, आपली श्रद्धा,” ते म्हणाले. गृहस्थांची श्रद्धा 11 रुपयांची निघाली. ते गेल्यावर आत्या आंतून एवढेंच म्हणाली, “अठरा पानें, दोन वेळां. तुपाचा डबा खरवडला.” आतोबा कांहीं बोलले नाहींत, अकरा रुपये देवापुढें ठेवून संध्येस बसले.

मुंबईच्या गिरणगांवांत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें घडली. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना चाळींतल्या बायका आपल्या खोलींत रांधून वाढीत, आणि महिन्याचे पैसे घेत. येथें अन्नाचा भाव उघड होता व तो सांगण्यांत कोणास लाज वाटत नव्हती. मात्र किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजावर, यामुळें हातीं फारसें उरत नसे. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं 1975 सालीं या खाणावळवाल्यांचें अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. जी बाई आजवर कोणाच्या हिशेबांत नव्हती, तिचें नांव बँकेच्या खात्यांत चढलें. पुढें 1982 च्या संपांत गिरण्या बंद पडल्या, जेवणारे गांवीं परतले, आणि यांपैकीं कित्येक चुली थंडावल्या.

अमेरिकेंत तर टपरवेअर कंपनीनें 1951 पासून आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि ते केवळ घरगुती मेळाव्यांतून विकण्याचें ठरविलें. या पद्धतीची सूत्रधार ब्राउनी वाइज नांवाची बाई होती. शेजारणींना चहाफराळास बोलवावें आणि त्यांनाच डबे विकावे! आपल्याकडील जुन्या माणसांस हें ऐकून हंसूं येईल. पण त्या घरधनिणीला मेळाव्याबद्दल भेटवस्तू मिळे आणि विकणारीला ठरलेली दलाली. श्रद्धेवर कांहीं सोडलेलें नव्हतें.

आतोबांच्या वह्या आजही लाकडी पेटींत आहेत. पांच पांच पिढ्यांचीं नांवें त्यांत आहेत. कोण केव्हां आला, कोणता कुळाचार केला, सर्व कांहीं. आत्याची वही निराळी होती. चुलीमागच्या भिंतीवर, परक्यासाठीं वाढलेल्या प्रत्येक पानामागें ती गेरूचें एक टिंब देई. एका नवरात्रांत मीं तीं मोजलीं, तीं 412 भरलीं. “हीं कशाला ग आत्या?” असें विचारतां ती म्हणाली, “कोणी विचारलें तर सांगतां यावें म्हणून.” कोणी विचारल्याचें मला ठाऊक नाहीं. त्या घरीं दसऱ्यापूर्वीं भिंतींस चुना देत. मार्गशीर्ष आला कीं आत्या पुन्हां पहिल्या टिंबापासून आरंभ करी.